फ्रान्सिसचा उजवा हात

अर्धांगवायूने शेजारच्या फ्रान्सिसचा उजवा हात गेला. डाव्या हाताने क्रूसाची खूण करायची नाही, हा त्याचा हट्ट; म्हणून रोज सकाळी त्याचा उजवा हात धरून ती मी करतो. आमच्या देवळात प्रदक्षिणासुद्धा उलटी घालणारा मी! पहिल्याच दिवशी कपाळ, छाती आणि थेट उजवा खांदा गाठला.

“येड्या, डावा आधी! बाटवलंस मला,” तो बोबडं बोलत हसला.

पूर्वी शब्दांच्या आधी त्याचा हातच देवाशी बोलायचा. आता त्या हाताला मी बोलायला लावतो, तेही चुकतमाकत.

“देवाकडे काय मागतोस रे?” काल मी विचारलं.

“मागायचं काय? हात परत येणार नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. सवय आहे, एवढंच.”

मी त्याचा हात चादरीवर ठेवला. ठेवला तसाच तो राहिला.