गुलाबी झाले का गं?

आमच्या सोलापूरच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये बॅक्टेरिया एका रात्रीत ताटलीभर होतात. किस्से त्याहून भराभर वाढतात, आणि त्यांना मरणही नाही!

मी तिथं शिकवते. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी, शोभा आणि श्रीनिवासनं, बॅक्टेरियात बाहेरचं एक जीन घालायला घेतलं. ते आत गेलं हे दिसणार कसं? म्हणून जोडीला रंगाचं जीन. बॅक्टेरिया गुलाबी झाले, की समजायचं, जमलं!

शोभा वैराग गावची. तिनं हे आईला फोनवर समजावलं. आई म्हणाली, "म्हंजे मेंदीवाणी की!"

पुढं महिनाभर ताटल्या पांढऱ्याच. आई रोज फोनच्या स्पीकरवर विचारायची, "रंगली का गं?" हॉस्टेलच्या पोरींना वाटलं, शोभाचं लग्न ठरलं!

*

एका सकाळी श्रीनिवास ओरडला, "मॅडम, गुलाबी!"

धावलो. ताटली गुलाबी होती खरी, पण तिच्यावर लिहिलेलं 'साधे बॅक्टेरिया'. जीन घातलेली ताटली पांढरीफटक! शोभा रडायच्या बेतात.

"अरे, नावं कशावर लिहिलीस?"

"झाकणांवर."

"आणि झाकणं?"

"काल दोन्ही एकदम उघडली होती की..."

शोभानं हाताला लागेल ते उचलून त्याच्यावर उगारलं. नशीब, ती ताटली नव्हती!

*

श्रीनिवासच्या वडिलांचं अक्कलकोट रोडला टॉवेल रंगवायचं युनिट. ते बघायला आले. गुलाबी बॅक्टेरियाची काचेची ट्यूब उजेडात धरून म्हणाले, "रंग पक्का आहे का?"

"नाना, जिवंत आहेत ते!"

"असू देत. धुऊन दाखव."

श्रीनिवासनं लॅबच्या मशीनमध्ये ट्यूब गरगर फिरवून, पाणी बदलून पुन्हा पुन्हा धुतले. पाणी स्वच्छ, तळाशी गुलाबी गोळा!

नाना माझ्याकडं वळले. "पोरगं शिकलं म्हणायचं!"

*

शोभाला पुढं पीएच.डी. करायची होती. तेवढ्यात घरच्यांनी स्थळ आणलं. "आता हे सगळं बंद, मॅडम," म्हणत ती ढसाढसा रडली. बघायच्या कार्यक्रमाला तिनं मलाही ओढून नेलं.

मुलाच्या आईनं विचारलं, "पोरगी काय करती?"

शोभाचे वडील ताठ बसून म्हणाले, "बॅक्टेरियाला रंग देती!"

"बरंय की! आमचं घर बी रंगवायचं ऱ्हायलंय!"

सगळे हसले. शोभा हसली नाही. तिनं चहाचा ट्रे खाली ठेवला. "काकू, मला हेच काम करायचंय. लग्नानंतर बी."

काकूंनी चहा बशीत ओतला.

"ते बॅक्टेरिया ऱ्हातात कुटं?"

"फ्रिजमधी."

काकूंनी बशी रिकामी केली.

"आमचा फ्रिज लई मोठा हाय. पण एक सांगते, माझं दही गुलाबी झालेलं चालायचं न्हाय!"