स्टिकरवरचं कुंकू

आमचा कॉम्प्युटर नामांकित कंपनीचा, पण म्हातारपणी इतका मंदावला, की बटण दाबून मी बोरीहून चारठाण्याला जावं, देवळं बघावीत, चहा घेऊन परत यावं, तरी पडद्यावर ते चाक गरगरतंच. एके दिवशी चाकही थांबलं.

जिंतूरहून दुरुस्तीवाले आले. "सर, समदं पुसून सिस्टिम नव्यानं टाकावी लागती. लायसनचा नंबर सांगा. सीपीयूच्या डब्याच्या स्टिकरवर असतो."

स्टिकर होता. त्यावर हळद-कुंकवाचा एवढा थर, की हरभरा पेरला असता तर सहज उगवला असता.

त्याचं असं, दसऱ्याला आमच्याकडं विळ्यापासून मिक्सरपर्यंत सगळ्यांची पूजा. कॉम्प्युटर आला त्या वर्षी बायको ताट घेऊन डब्याभोवती फिरली आणि त्या चमकत्या स्टिकरवर तिनं बोट टेकवलं. मी शाळेतला क्लार्क, म्हणालो, "अगं, ते सरकारी शिक्क्यासारखं असतं."

"मंग येवढी चमकती चौकट कंपनीनं उगं दिली व्हय? टिळ्यालाच दिली."

त्यानंतर दर दसऱ्याला तिथंच. गेल्या दसऱ्याचा टिळा शेवटचा. माघात ती गेली.

दुरुस्तीवाल्यांनी फडकं ओलं केलं. "पुसतो, दोन मिनिटांचं काम हाय."

"हात लावू नका," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला. पार चुडाव्याच्या स्टेशनावर गाडी थबकली असेल.

ते फडकं पिळून निघून गेले. चार दिवस मी आणि तो काळा पडदा समोरासमोर बसलो. घरात बोलणारं तेवढंच एक उरलं होतं, तेही मुकं. पुसावं तर तिचं बोट जातं, न पुसावं तर नंबर मिळत नाही. शेवटी कंपनीला फोन लावला. पलीकडं एक पोरगी, मराठी बोलणारी. तिनं मॉडेल विचारलं, मी दसऱ्यापासून सुरुवात केली. हरभऱ्याचंही सांगितलं. ती हसली. घरात हसणं ऐकून किती महिने झाले होते.

"काका, तुमच्या मॉडेलच्या स्टिकरवर नंबर छापलेलाच नसतो. तो आत मशीनमध्ये असतो. सिस्टिम टाकली की आपोआप ओळख पटते. स्टिकर राहू द्या तसाच."

म्हणजे बायकोचं खरं निघालं. ती चौकट टिळ्यालाच होती.

"आणखी काही मदत हवीय का, काका?"

हवी होती. पण ती तिच्या यादीत नसणार, म्हणून नाही म्हणालो.

दुरुस्तीवाले पुन्हा आले. सिस्टिम बसली, नंबर कुणी विचारला नाही. मशीन आता इतकं चपळ, की बटणाकडं नुसतं बघितलं तरी सुरू होतं. पण ते चाक गरगरायचं तेवढा वेळ तरी कशाची तरी वाट बघण्यात जायचा.

दसरा आला. ताट मीच केलं. तिच्या टिळ्यावर माझं बोट नको, म्हणून डब्याच्या दुसऱ्या बाजूला लावायला गेलो. त्या बाजूला जाळी. निम्मं कुंकू आत सांडलं.

हे आता सांगावं कुणाला? कंपनीला फोन लावला. या वेळी दुसरीच पोरगी होती.

"काय प्रॉब्लेम आहे, सर?"

"प्रॉब्लेम न्हाई, बाई," मी म्हणालो. "कुंकू सांडलंय. वेळ हाय का तुला?"