भगीरथदादांची काळी चार

माझ्या वहीत भगीरथदादांचं नाव पहिल्यांदा येतं ते असं : "आज गायनात दादा एकटेच." तारीख तीन वर्षांपूर्वीच्या जुलैची आहे. पुढच्या कितीतरी रविवारी तेच वाक्य थोड्या फरकाने आहे. रोजच्या नोंदीत माणूस असा तुकड्यातुकड्याने येतो, म्हणून आज सलग लिहायला बसले.

आमची ख्रिस्ती मंडळी दर रविवारी मुरबाडला एका पत्र्याच्या खोलीत भरते. चाळीसेक माणसं, त्यात तीस बायाच. गायन चालवतात भगीरथदादा. ते किन्हवलीच्या पुढच्या पाड्यावरून पेटी घेऊन एसटीने येतात. पेटी ते गावच्या भजनी मंडळात शिकले. बारा वर्षांपूर्वी त्यांनी आणि त्यांच्या पत्नी सावळीवहिनींनी प्रभू येशूला स्वीकारलं, तेव्हा मंडळाने त्यांना वाईट शब्दाने काढलं नाही. बोलावणं तेवढं बंद केलं. दादा म्हणतात, "भांडले असते तं बरं झालं असतं. भांडायला तरी बोलावं लागतं ना." सख्खा भाऊ भिंतीला भिंत लागून राहतो. लग्नाची पत्रिका दाराच्या कडीत अडकवून जातो.

मूलबाळ नाही. नवराबायको एकमेकांना पुरी होती. उपासनेत वहिनी दादांच्या उजव्या हाताला चटईवर बसायच्या. गीत त्याच सुरू करायच्या, आम्ही मागून म्हणायचो, आणि दादा पेटी वाजवत तोंडातल्या तोंडात गुणगुणायचे. कधी दादांची बोटं फार पळायला लागली की वहिनी भर उपासनेत कोपराने ढोसायच्या, "हात आवरा हो, लोकांना गाऊ द्या." आम्ही पदर तोंडाला लावून हसायचो.

मग वहिनींना कावीळ झाली आणि त्या गेल्या. गावची माणसं मातीला आली, पण रस्त्यापर्यंतच. पुढच्याच रविवारी दादा पेटी घेऊन आले आणि गीत त्यांनी स्वतः सुरू केलं.

त्या दिवसापासून आम्हा बायांचा आवाज गेला. पहिल्यांदा वाटलं, दुःख आहे, येईल हळूहळू. वर्ष झालं, दुसरं झालं. हिरीकाकू आमच्यात सगळ्यात मोठ्या गळ्याच्या. त्या म्हणायला लागल्या, "वय झालं गो, गळा बसला माझा." मी तर उपास केला. माझं मन कोरडं झालंय, कुठेतरी माझं चुकलंय, असं वहीत लिहून क्षमा मागितली. प्रत्येकीला वाटत होतं की खोट आपल्यातच आहे. दादांना वाटत होतं की आम्ही थंड झालो. ते माइकवरून ओरडायचे, "भगिनींनो, प्रभूसाठी तोंड उघडा!" एकदा तर त्यांनी मधेच भाता सोडला. "मी काय भिंतींना शिकवतोय?"

हिरीकाकू पुटपुटल्या, "भिंती तरी घुमतात."

बाया फिसकन हसल्या. दादांनी ऐकलं. पुढचं गीत त्यांनी खाली मान घालून संपवलं.

उपासना चालवणाऱ्या पाळकांचा मुलगा सुयोग कल्याणला कॉलेजात जातो. त्याच्या फोनमध्ये तयार वाद्यांची गाणी आहेत, स्पीकरला जोडली की झालं. दादा आपण होऊन पाळकांना म्हणाले, "नाताळ झाला की गायन सुयोगला द्या. माझ्यात आत्म्याचा अभिषेक राहिला नाय." पाळकांनी 'प्रार्थना करू' म्हटलं. नको म्हणाले नाहीत. मी चहा देत होते. दादा कप हातात धरून मला म्हणाले, "गायन गेलं तं मी हितं कशाला येऊ ताई? आठवड्यातनं एकदा हितंच कोणतरी नावानं हाक मारतं."

मी बिस्किटं पुढे केली.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी माझी झाडलोटीची पाळी होती. खोलीत कोणी नाही म्हणून मी मोकळ्या गळ्याने गात होते. दादा लवकरच्या गाडीने आलेले मला कळलंच नाही. दारातून म्हणाले, "गळा तं चांगला हाय. मग रविवारी कुठं ठेवून येता?"

मी लाजले, पण खरं ते बोलून गेले. "तुमच्या सुरात जमत नाही दादा. खालून घ्यावं तर आवाज उमटत नाही, वरून घ्यावं तर अंतऱ्याला कोंबडी ओरडते."

"म्हणा बरं परत. मघाचंच."

मी म्हटलं. दादा पेटीवर माझा सूर शोधायला लागले. पहिली काळी पट्टी, काळी एक, दाबली, ते नेहमी तिथूनच वाजवतात. मग एकेक पट्टी वर आले आणि एका काळ्या पट्टीवर त्यांचं बोट थांबलं. दाबलं नाही, नुसतं वर धरून ठेवलं.

"काळी चार," ते म्हणाले. "ही सावळीची."

भजनी मंडळात सगळे बाप्येच. बायांचा सूर वेगळा असतो हे दादांना कधी कोणी शिकवलंच नव्हतं. वहिनी गायला बसल्या तेव्हा 'अजून वर घ्या, अजून वर' म्हणत त्यांनी दादांना काळी चारवर आणलं. "मला वाटलं हा तिचाच सूर. ती गेल्यावर मी त्या पट्टीवर सा धरला नाय. माझ्या सुरात आलो. तिचं तिच्याबरोबर जाऊ दिलं."

"तो आम्हा सगळ्या बायांचा सूर आहे, दादा."

पटकन बोलले आणि त्यांचा चेहरा पाहून वाटलं, थोडं थांबून बोलायला हवं होतं. ते उठून बाहेर नळावर गेले. मी दोनदा झाडलेलं तिसऱ्यांदा झाडलं तरी आत आले नाहीत.

उपासना सुरू झाली तेव्हा दादांनी माइक हिरीकाकूंसमोर ठेवला.

"मी नाय हो. माझा गळा बसलाय."

"बसला नाय, काकू. मी बसवला. घ्या."

त्यांनी काळी चार धरली. काकूंनी पहिली ओळ भीत भीत घेतली, दुसरीला आम्ही तिघीचौघी शिरलो आणि ध्रुपद फिरून आलं तेव्हा वरचा पत्रा थरथरत होता. ताराबाई रडत रडत गात होत्या. मी डोळे उघडून दादांकडे पाहिलं. त्यांचे ओठ मिटलेले होते. अंतऱ्याला त्यांनी खालून एकदा सूर लावून पाहिला, गळ्याला झेपेना तसा सोडून दिला. मग शेवटपर्यंत नुसता भाता हलत राहिला.

नाताळ झाला. पेटी दादांकडेच राहिली, सुयोगने फोन पुढे केला नाही. आता गीत पाळीपाळीने बाया सुरू करतात. कोण कुठे चुकते ते दादा डोळ्यांनी सांगतात. मंडळीत पवित्र आत्मा उतरला, असं सगळे म्हणतात आणि ते खोटं नाही. पण दादा गात नाहीत हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

परवा स्टँडवर मी विचारलं, "दादा, तुम्ही गाता कधी?"

"घरी. काळी एकात. भाऊ पलीकडनं टीव्ही मोठा करतो."

"प्रभू ऐकतो की."

हे मी सगळ्यांनाच म्हणते. दादांनी मान हलवली. "ऐकतो ना. ऐकतोच." तेवढ्यात किन्हवलीची गाडी लागली आणि ते चढले. दुपारचा एक वाजला होता, माझ्या घरी भात झालेला होता, आणि जेवून जा म्हणायचं मला सुचलं ते गाडी वळल्यावर.