निम्म्या आडाची रजिस्ट्री

तुम्ही घर घ्यायला निघालात तर भरवसा कुणावर ठेवाल, सांगा बरं? दलालावर? तो दोन्हीकडून कमिशन घेतो, म्हणजे दोघांचाही सारखाच माणूस. विकणाऱ्यावर? त्याला ते घर नकोसं झालंय, आणि कौतुक मात्र तोच सगळ्यात जास्त करतो. वकिलावर ठेवा म्हणाल तर ठेवा. पण आधी माझ्या बाकावर तासभर बसून जा.

लातूरला माझं लोखंडी सामानाचं दुकान. पत्रे, खिळे, बिजागऱ्या, कुलपं. रस्त्यापलीकडे रजिस्ट्री ऑफिस, म्हणजे घराजमिनीच्या खरेदीखतांची नोंद होते ते. तिकडं सावली नव्हती आणि माझ्या दुकानापुढं लिंबाचं झाड होतं, म्हणून मी एक बाक टाकला. हेतू धंद्याचाच. घर घेणाऱ्याला आज ना उद्या कडीकोयंडा लागतोच. पण त्या बाकामुळं माल कमी खपला आणि किस्से जास्त साचले. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण त्या बाकावर झालं, आणि फी कुणी मागितली नाही.

बाकाच्या एका टोकाला मुनीर चाचांची लाकडी पेटी असायची. चाचा स्टँप पेपर विकायचे आणि खरेदीखतं लिहायचे. निजामाच्या राजवटीत उर्दूत बैनामे, म्हणजे हीच खरेदीखतं, लिहिलेला माणूस. मराठी अक्षरही तसंच झोकदार. दुसऱ्या टोकाला पेपर वाचत अप्पा. पोस्टातून रिटायर झालेले, अख्ख्या गल्लीची आडनावं पाठ.

नवं गिऱ्हाईक आलं की चाचा त्याला आधी चहा पाजायचे आणि मग सांगायचे, "हे बघा, स्टँप हा सरकारचा कर. घराच्या किमतीवर लागतो. नोंदणीची फी वेगळी. सरकार तुमचं नाव आपल्या वहीत चढवतं त्याची ती मजुरी. आणि नगरपालिकेत नाव लावायचं ते तिसरं काम. तिन्ही केलं तर घर तुमचं. दोनच केलं तर घर कुणाचं, ते मला विचारू नका."

*

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. चाचांकडं खरेदीखताचे छापील मसुदे होते, त्यावर जुन्या जिल्ह्याचं नाव. फेकून द्यायचा स्वभाव नाही. चाचा जुनं नाव पेनानं खोडायचे आणि वर 'लातूर' लिहायचे.

एका शेतकऱ्यानं आपलं खत उलटसुलट करून पाहिलं आणि घाबरून विचारलं, "चाचा, माझं घर खोडलं का काय?"

चाचा म्हणाले, "घर हाय तिथंच हाय, पाटील. फक्त भाव जिल्ह्याचा झालाय."

आणि तो झालाच होता. नवी ऑफिसं आली, साहेब आले, कारकून आले, आणि ज्यांच्याकडं गोठा होता त्यांनीसुद्धा चुना मारून त्याला ब्लॉक म्हणायला सुरुवात केली.

त्याच दिवसांत सिंधू सिस्टर माझ्या दुकानात आल्या. सिंधू सोनकांबळे. मूळ बिलोलीकडच्या, सरकारी दवाखान्यात नर्स, बदलीवर आलेल्या. सोबत म्हातारी आई. नवरा किनवटकडं आश्रमशाळेवर मास्तर, सुट्टीला यायचे.

"शेठ, एक कुलूप द्या. मजबूत."

"खोलीचं का फाटकाचं?"

"खोली मिळाली की सांगते," त्या म्हणाल्या, आणि कुलूप घेऊन गेल्या.

मला नंतर कळलं. खोल्या रिकाम्या होत्या. भाडंही कबूल व्हायचं. मग घरमालक आडनाव विचारायचा, आणि खोली आधीच कुणाला तरी दिलेली निघायची. आमच्या अप्पांची मागची खोलीसुद्धा रिकामी होती. सिस्टरनं विचारलं. अप्पांनी आडनाव विचारलं आणि म्हणाले, "पाहुणे येणार हायेत."

अप्पांचे ते पाहुणे अजून यायचेत.

"भाड्याचं नको आता," सिस्टर बाकावर बसून चाचांना म्हणाल्या. "भाड्याच्या घरातून उद्या उठवतील. माझ्या नावाचं पाहिजे. आईला परत बोचकं उचलाय लावायचं न्हाई मला."

तेव्हापासून ड्यूटी सुटली की त्या बाकावर यायच्या, शिकायला. आम्हीही शिकतच होतो.

*

हदगावकडचा एक कापूसवाला. त्यानं लातूरला लेकीसाठी घर घेतलं. स्टँप घेतला, चाचांकडून खत लिहून घेतलं, विकणाऱ्याची सही घेतली, पैसे दिले, आणि कागद घेऊन गावाकडं गेला. रजिस्ट्रीला आलाच नाही. कायद्यानं चार महिन्यांत नोंद व्हावी लागते. हा उगवला त्यानंतर, हातात कागद. कागदावर हळदकुंकू, अक्षता, आणि एका कोपऱ्यात तेलाचा डाग.

"कुठं होतात इतके दिवस?" चाचांनी विचारलं.

"दिवाळीची वाट बघितली. लक्ष्मीपूजनाला ठेवायचं होतं."

चाचांनी कागद उजेडात धरला. "लक्ष्मीनं बघितलं, बरं झालं. पण सरकारनं कुठं बघितलं?"

उशीर झाल्याची जिल्ह्याच्या साहेबांकडं अर्जविनंती झाली, दंड भरला, तेव्हा नोंद झाली. माणूस मोठ्या मनाचा. पावती कपाळाला लावून म्हणाला, "दंड कसला, दक्षिणाच ही."

सिस्टरनं सगळं ऐकून घेतलं होतं. "म्हंजे चाचा, लिहून पेटीत ठेवलं तर ते न लिहिल्यासारखंच?"

"हाव बेटी. शाई वाया."

*

काशीबाईचा किस्सा तर ऑफिसातल्या शिपायालाही पाठ होता. म्हातारी आपलं घर विकत होती. घेणारा व्यापारी, माझ्याच लाइनीतला, म्हणून नाव सांगत नाही. किंमत जास्त लिहिली की स्टँप जास्त लागतो, म्हणून त्यानं खतात निम्मीच लिहिली. ही चाल सगळीकडचीच. म्हातारीला रस्त्यात दहादा पढवलं, "आजी, साहेब विचारतील पैसे मिळाले का. तुम्ही फक्त हो म्हणायचं."

साहेबांनी खत वाचलं आणि विचारलं, "आजी, यात लिहिलेली रक्कम तुम्हाला पावली का?"

"हाव साहेब," काशीबाई म्हणाली. "तेवढी पावली, अन् अजून तेवढीच पावली. माणूस लई देवाचा हाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. खत परत आलं, खऱ्या किमतीचं नवं लिहावं लागलं, स्टँप पुरा लागला. व्यापारी बाकावर येऊन डोक्याला हात लावून बसला. "आजी, तुम्हाला किती समजावलं होतं हो."

"खोटं बोलायचं व्हतं तर आधी सांगायचं," म्हातारी म्हणाली. "मी धाकट्या सुनेला आणलं असतं. तिला जमतंय."

*

तिसऱ्या कामाचा किस्सा माझ्या घरचाच. माझा मेव्हणा नांदेडला राहतो. घर घेतलं, स्टँप भरला, रजिस्ट्री केली, पेढे वाटले. नगरपालिकेत नाव लावायला मात्र गेला नाही. घरपट्टी जुन्या मालकाच्या नावानं यायची. मेव्हणा खुशीत. म्हणायचा, "येऊ दे की. थकली तर बदनाम तो होईल."

मग गल्लीत नळ आला. नगरपालिकेच्या वहीत घर अजून जुन्या मालकाचंच, म्हणून नळाच्या अर्जावर सही त्याची लागली. तो राहायला देगलूरला. मेव्हणा गाडी करून त्याला घेऊन आला. जेवू घातलं, सही घेतली. अर्जात चूक निघाली, परत आणलं, परत जेवू घातलं. तिसऱ्या वेळेला गृहस्थ स्वतःच बॅग घेऊन आला आणि माझ्या बहिणीला म्हणाला, "मागच्या वेळचं ते भरलं वांगं बरं झालं होतं."

"सख्ख्या जावयाचंसुद्धा एवढं केलं न्हाई," माझी बहीण अजून म्हणते.

हे ऐकून अप्पाही हसले. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी नगरपालिकेचं ऑफिस किती वाजता उघडतं ते विचारलं.

*

आणि एक दिवस घर सापडलं. कुठं, तर अप्पांच्या भिंतीला भिंत लावून.

अप्पांचे चुलतभाऊ रामराव पुण्याला मुलाकडं निघाले होते. दोन खोल्या, थोडं अंगण, आणि एक आड. ह्या आडाची गंमत अशी, की भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा मधली भिंत बरोबर आडाच्या तोंडावरून गेली. आडावर तुळई टाकून भिंत उभी केलेली. अर्धं तोंड अप्पांच्या अंगणात, अर्धं रामरावांच्या. दोन बाजूंनी दोन पोहरे पडायचे, आणि आत एकमेकांवर आपटून भांडायचे.

रामरावांनी किंमत सांगितली ती आडाचं पाणी धरून. खत लिहायच्या वेळी मात्र दलाल म्हणाला, "खतात दोन खोल्या अन् अंगण एवढंच लिहा. आड लिहिला की किंमत चढती, स्टँप चढतो. आडाचं तोंडी राहू द्या. पाण्याला कुणी न्हाई म्हणतंय का?"

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मला म्हणलेलं हाय."

अप्पा पेपर वाचत होते. पान उलटलं नाही.

दुपारी सिस्टर गेल्यावर अप्पा चाचांच्या पेटीजवळ सरकले. "चाचा, आड लिहू नका. एवढ्या वर्षांची आपली बैठक हाय. आपल्या दोघांत राहू द्या."

"अप्पा," चाचा म्हणाले, "तुमच्यासाठी जान हाजिर. पण खत हे तुमच्यामाझ्यात नसतं. त्यात ज्यांचं नाव, त्यांचं ते असतं."

आणि चाचांनी लिहिलं. चतुःसीमा लिहिल्या, पश्चिमेस अप्पांचं घर लिहिलं, आणि पुढं ठसठशीत अक्षरात, 'सामाईक आडाच्या निम्म्या हिश्श्यासह व पाणी भरण्याच्या हक्कासह'. पूर्ण किंमत, पूर्ण स्टँप. सिस्टरनं छपराच्या नव्या पत्र्यांसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. माझे पत्रे दुकानातच राहिले, आणि एवढ्या आनंदानं माझा माल कधी पडून राहिला नव्हता.

रजिस्ट्रीत ओळख पटवायला मी होतो. साहेब वाचता वाचता थांबले. "निम्मा आड? कोणता निम्मा?"

चाचा दारातून म्हणाले, "साहेब, वरून निम्मा. खाली तो एकच हाय."

साहेबांनी शिक्का मारला. सिस्टर तशाच नगरपालिकेत गेल्या, नाव लावायचा अर्ज दिला, आणि मग घरी जाऊन ते कुलूप फाटकाला लावलं.

*

पुढं पावसानं ओढ दिली. एक साल कसंबसं गेलं, दुसरं गेलं नाही. नळ आठवड्यावर गेले, टँकरमागं माणसं धावायला लागली. बाकावर रजिस्ट्रीचं बोलणं बंद पडलं. कुणाचा बोअर किती खाली गेला एवढंच. माझ्या दुकानात पत्र्याला गिऱ्हाईक नाही, पाण्याच्या टाक्यांना मात्र रांग.

त्या सामाईक आडात पाणी तळाला गेलं. तळ काही सपाट नव्हता. झरा होता तो सिस्टरच्या अंगाला, एका खड्ड्यात. सिस्टरच्या बाजूनं पोहरा सोडला की तो त्या खड्ड्यात उतरायचा आणि भरून यायचा. अप्पांच्या बाजूनं सोडला की खडकावर वाजायचा. भिंतीच्या अलीकडं पाण्याचा आवाज आणि पलीकडं दगडाचा. अप्पांची बायको आजारी होती, अंथरुणाला खिळलेली. घरात पाण्याशिवाय चालण्यासारखं काही नव्हतं.

अप्पा काही दिवस बाकावर आले नाहीत. मग एका सकाळी आले आणि पेपर न उघडता चाचांना म्हणाले, "एक कागद लिहून द्या. दुष्काळ हाय तोवर त्यांच्या अंगणातून पाणी काढू द्यावं. त्या म्हणतील ते मोल. स्टँप लागतो तेवढा लावा."

चाचांनी कागद लिहिला. चष्मा दोनदा पुसला, पण लिहिला. अप्पांनी चाचांना आणि मला सोबत घेतलं. एकट्यानं त्या फाटकाशी उभं राहणं त्यांना जमणार नव्हतं.

सिस्टर नुकत्याच ड्यूटीवरून आल्या होत्या. आईनं आम्हाला खाट टाकली आणि पाणी आणून दिलं. आम्ही दोघं प्यालो. अप्पांनी तांब्या हातात धरून ठेवला, आणि मग तेही प्याले.

सिस्टरनं कागद घेतला. बाकावर शिकल्या होत्या तसा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. घडी घातली आणि चाचांच्या हातात परत दिली.

"पाण्याला कागद कशाला, अप्पा?" त्या म्हणाल्या. "तोंडी चालतंय."

अप्पांनी तांब्या खाली ठेवला.

सिस्टर आत गेल्या आणि कुलपाची दुसरी किल्ली घेऊन आल्या. "मी ड्यूटीवर असते, आईला सारखी उठबस होत न्हाई. ही ठेवा तुमच्याजवळ. झरा बारीक हाय, दोन्ही घरांना पुरला पाहिजे. तुम्ही किती घागरी नेल्या ते मी मोजणार न्हाई, तुमचं तुम्हीच मोजा. हिशेब तेवढा खरा ठेवा."