चार दिवसांची अरबी

आई आज सकाळी गेली.

शाळेचं तोंडही न पाहिलेल्या माझ्या आईनं आयुष्यात पहिलं अक्षर गिरवलं, ते अरबी.
ग गणपतीचा नाही. अलिफ!

तेव्हा निजामाचं राज्य होतं. लग्न होऊन तलमडुगुला आली तेव्हा ती पोरच होती. दिवसभर कापूस, ज्वारी, जनावरं आणि सासू. म्हणजे माझी आजी. प्रेमळ वगैरे अजिबात नव्हती, खोटं कशाला बोलू?

पाळी आली की आईला मागे गोठ्याजवळ बसवायचे. भाकरीसुद्धा लांबून सरकवायचे.
पण महिन्यातले तेच चार दिवस तिला काम नसायचं.

गोठ्याच्या भिंतीपलीकडे जैनब खालांचं अंगण. त्यांचे मालक तहसीलमध्ये कारकून. खाला गल्लीतल्या मुलींना अरबी शिकवायच्या. मुली एका सुरात घोकायच्या, आई अलीकडून ऐकायची.

एकदा मुली अडल्या आणि पुढचं अक्षर आईनंच भिंतीआडून ओरडून सांगितलं.
थोड्या वेळानं खाला लाकडी पाटी घेऊन गोठ्यात हजर.

"मी बाहेरची हाय. शिवू नका मले."
"लकडी को क्या मालूम? ले, पकड."

आणि खाला तिच्याजवळ मातीत मांडी घालून बसल्या.

आईची शाळा महिन्यातून चार दिवस. Attendance मात्र full!

आधी हात धुवायचे. उजवीकडून लिहायचं. बैत म्हणजे घर, बिंत म्हणजे मुलगी. 'ऐन' घशाच्या तळातून काढायचा. आई practice करायची तेव्हा गाय वळून बघायची म्हणे.

काही अक्षरं पुढच्या अक्षराला कधीच जोडायची नसतात, हे कळल्यावर आई म्हणाली, "काऊन? यायलेबी विटाळ हाय काय?"
खाला इतक्या हसल्या की आजी बाहेर येऊन बघून गेली.

शब्द पक्के झाले की वाक्यं, मग गोष्टी, असं खालांनी कबूल केलं होतं. आईला त्या गोष्टीच वाचायच्या होत्या. ती चक्क पाळीची वाट बघायची.

मग राज्य बदललं. खालांच्या मालकांची नोकरी गेली. हैदराबादला भावाकडे जायचं ठरलं. सामान भरून बैलगाडी दारात उभी राहिली.

आई नेमकी तेव्हा गोठ्यात.

खाला निरोप घ्यायला मागे आल्या. आईला जवळ घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

हे आईनं मला सांगितलं, मला पहिल्यांदा पाळी आली त्या दिवशी. आजी ओरडत होती आणि आईनं मला घट्ट पोटाशी धरलं होतं.
"मग?" मी विचारलं.
"मी मांगं सरली."
"का गं?"
"लांबच्या वाटेनं जाऊन राह्यली होती ना ते. माह्या विटाळानं तिच्या गाडीले काही झालं तं?"

खालांनी हात तसेच खाली घेतले आणि त्या गेल्या. त्यांची पुन्हा भेट झाली नाही.
आईची अरबी सुट्या शब्दांवरच राहिली. पुढे मराठी शिकली, पेपर वाचायला लागली. पण ती एक मिठी तिला जन्मभर सलत राहिली.

आज बेल्लमपल्लीत, आमच्या कोळसाखाणीच्या क्वार्टरसमोर, आईला आंघोळ घालून ठेवलं होतं. मी तिच्या अंगावर पडून रडत होते.
कोणीतरी मागून म्हणालं, "आता लांब व्हा बाई, शिवू नका."

मी मागे सरले नाही.

जा आई.
तुझ्या बिंतचा तुला शेवटचा नमस्कार.