नडगीतली सुई

इंदापुरातल्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात मी नर्स होते. शीर शोधण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं सगळे म्हणायचे. मलाही ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

त्या दुपारी बावड्याहून एक आजोबा दहा महिन्यांच्या नातीला घेऊन आले. मागून तिची आई, रडवेली. दोन दिवस जुलाब चालू होते. पोरीचे डोळे खोल गेलेले, हातपाय गार. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहिली.

"पाणी पाजत होता ना?" मी विचारलं.

"न्हाय. पाण्यानं जुलाब वाढत्यात, म्हणून बंदच केलं," आजोबा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं, पण ओरडायला वेळ नव्हता. सलाईनसाठी एक हात चाचपला, मग दुसरा, मग पाय. सुई आत जायची, रक्त काही यायचं नाही. आमच्या तरुण डॉक्टरबाई म्हणाल्या, "सिस्टर, थांबा आता. हाडातून देऊ."

"एकदाच बघते, मॅडम."

ते एकदाच आणखी तीनदा झालं. पोरगी कण्हायचीसुद्धा थांबली, तेव्हा कुठे मी बाजूला झाले.

"हाडात सुई?" आजोबा आडवे आले. "पांगळी हुईल की पोरगी!"

"न्हाय होणार, आबा. शिरा पार बसल्यात. हाडात सोडलेलं सलाईन थेट रक्तात जातं. पाय घट्ट धरा." मी त्यांचे हात पोरीच्या पायावर ठेवले.

त्यांनी धरला. बाईंनी गुडघ्याच्या जरा खाली, नडगीच्या सपाट जागी जाड सुई दाबत फिरवली आणि ती आत बसली. पोरगी रडली नाही. मला त्या न रडण्याचीच धडकी भरली. मी सिरिंज भरभरून सलाईन ढकलत राहिले, बोटं दुखेपर्यंत.

अर्ध्या तासाने पोरीच्या हाताच्या पाठीवर बारीक निळी रेघ दिसली. मी सुई घातली. पहिल्याच फटक्यात रक्त आलं आणि पोरगी केकाटून रडली.

"सिस्टर, तुमच्या हाताला गुण हाय," आजोबा डोळे पुसत म्हणाले.

मला वर बघवेना. त्यांनी तिचं पाणी दोन दिवस अडवलं होतं, माहीत नव्हतं म्हणून. मी दहा मिनिटं अडवलं, सगळं माहीत असून.