कागदावरचे चार महिने

त्या दिवसांत मी देवीवर रागावले होते, हे आधीच सांगून टाकते. माझा मुलगा कोठडीत होता आणि मी तिला रोज विचारत होते, इतकी वर्षं तुझं केलं ते यासाठी का? मी डहाणूत प्राथमिक शिक्षिका आहे. दुसऱ्यांच्या मुलांना वळण लावते, आणि घरचं मूल हाताबाहेर गेलेलं मला दिसलं नाही. वडील गेल्यापासून तो आधी गप्प झाला, मग उर्मट झाला, मग कॉलेज बुडवून घोलवडकडच्या टोळक्यात फिरू लागला. जुलैमध्ये तिथल्या एका चिकूच्या वाडीत मारामारी झाली आणि एका मुलाच्या डोक्यात लोखंडी पाइप बसून तो बेशुद्ध पडला. पोलिसांनी चौघांना उचललं, त्यात माझाही. "मी तिथे नव्हतोच," एवढंच तो म्हणत राहिला.

कोर्टाकडून मोफत वकील मिळतो हे मला तिथल्याच एका शिपायाने सांगितलं. तळासरीकडच्या एक तरुण वकीलबाई मिळाल्या. कागद बघून त्यांनी विचारलं, "मॅडम, दाखल्याप्रमाणे मुलाला अठरा पूर्ण होऊन दोन महिने झालेत. तारीख नक्की हीच ना? अठराच्या आत असता तर केस बाल न्याय मंडळाकडे गेली असती. मोठ्या गुन्हेगारांत राहावं लागलं नसतं."

"हीच," मी म्हणाले.

ते खोटं होतं. गणपतीत जन्मलेल्या मुलाची तारीख मी मे महिन्यातली लिहिली होती. स्वतःच्या हाताने, मी शिकवत होते त्याच शाळेत, त्याचं एक वर्ष वाया जाऊ नये म्हणून. आमच्याकडे कितीतरी आईबाप असं करतात आणि आम्ही शिक्षक काणाडोळा करतो. पण खरं सांगितलं असतं तर नोकरीवर आलं असतं, गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. जामीन होईलच, अशी मी मनाची समजूत घातली. जामीन फेटाळला गेला.

दुसऱ्या दिवशी मी महालक्ष्मीच्या देवळात गेले. गेले कसली, सौदा करायला गेले. वाटेल तो नवस घे, माझ्या मुलाला सोडव, पण तेवढं माझ्या तोंडून वदवू नकोस. दर्शन झालं आणि बाहेर येऊन पायरीवर बसले, तर रडू आवरेना. शेजारी पूर्वेकडच्या कुठल्यातरी गावची एक म्हातारी नातीला केळं भरवत बसली होती. काय झालं म्हणून तिने विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं, कुणाला सांगितलं नव्हतं तेही. तिने ऐकून घेतलं आणि नातीचं तोंड पुसत म्हणाली, "मंग ह्ये कोर्टात जाऊन सांग ना, बाय. देवीला त ठावंच हाय."

ती म्हातारी म्हणजे साक्षात देवी होती, असं मी म्हणणार नाही. मघाशी रांगेत ती मला ढकलून पुढे घुसली होती. पण मी उठले ती थेट वकीलबाईंकडे गेले.

माहेरी, कैनाडला, बाळंतपण झालं होतं. तिथल्या ग्रामपंचायतीत त्याच्या जन्माची नोंद सापडली. कोर्टात मी उभी राहून सांगितलं की शाळेतली तारीख मी खोटी लिहिली. पोलिसांमध्ये उभा असलेला माझा मुलगा कितीतरी महिन्यांनी माझ्याकडे बघत होता. कागदांची पडताळणी झाली, केस मंडळाकडे गेली आणि त्याला अल्पवयीन मुलांच्या निरीक्षणगृहात हलवलं. मला शिक्षण खात्याची नोटीस आली. ती चौकशी अजून चालू आहे.

निरीक्षणगृहातल्या पहिल्या भेटीला वकीलबाई सोबत होत्या. मी डबा उघडत होते. तो खाली बघूनच म्हणाला, "आई, पाइप माझ्याच हातात होता."

एरवी मी त्याला गप्प केलं असतं. त्या दिवशी केलं नाही. वकीलबाईंनी वही काढली आणि म्हणाल्या, "बोल. आता मला तुझी बाजू नीट मांडता येईल." तो बराच वेळ बोलला. शेवटी त्याने विचारलं, "तो शुद्धीवर आलाय का?" आला आहे, असं वकीलबाईंनी सांगितल्यावर तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला.

निकाल काय लागेल, ठाऊक नाही. तो मी देवीवर सोडला आहे, आणि या वेळी काही हातचं राखून नाही. मी तिच्याकडे मुलाची सुटका मागितली होती. तिने मला माझा मुलगा परत दिला.